जाते, संबळ आणि अक्षर : धाराशिव परिसरातील बालसंगीताच्या इतिहासाचा एक विचार

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात गीतप्रकारांचा परामर्श घेताना, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशा आशयाची नोंद केली आहे. मराठी छंदःशास्त्राच्या अभ्यासकांना ही नोंद परिचित आहे आणि ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून ती वारंवार पुढे करण्यात येते. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ओवीचे स्थान सोमेश्वराने देवळात सांगितले नाही, सभेतही सांगितले नाही. ते त्याने उखळापाशी सांगितले. उखळापाशी आणि जात्यापाशी बसणाऱ्या स्त्रीच्या जवळ बहुधा तिचे मूल असते. ते मांडीवर निजलेले असेल, पाठीशी बिलगलेले असेल किंवा जात्याच्या पाळूभोवती सांडलेल्या पिठात बोटे ओढीत असेल. ओवीचा पहिला श्रोता तेच होय. ओवीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या श्रोत्याचा विचार जवळजवळ केलेला नाही, आणि बालशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ओवीचा केलेला नाही.

सोमेश्वराची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते कर्नाटकात असले तरी उमरगे तालुक्याच्या सीमेपासून फार दूर नाही. तेव्हा ‘मानसोल्लासा’तील ही नोंद ज्या प्रदेशात बसून झाली, त्याच प्रदेशाच्या आसपासचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तुळजापूर, तेर, नळदुर्ग, परंडे, उमरगे ही त्यातील मुख्य ठिकाणे. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव २०२३ साली अधिकृतपणे बदलून धाराशिव असे झाले. धाराशिव हे गावाचे जुनेच नाव असल्यामुळे येथे सर्व काळासाठी तेच वापरले आहे. प्रश्न असा आहे : शाळेत संगीत हा विषय नव्हता, बहुतेक गावांत शाळाच नव्हती, त्या काळात या भागातील लहान मूल संगीत कोठे, कोणाकडून आणि कशा रीतीने शिकत होते, आणि त्या शिकण्याचा त्याला काय लाभ होत होता?

साधनांच्या बाबतीत प्रथमच अडचण येते. १८५३ साली वऱ्हाडाबरोबर धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख निजामाने इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि १८६० साली त्यांपैकी धाराशिव व रायचूर परत मिळाले. या अल्पकाळात नळदुर्ग येथे कारभार पाहणारा अधिकारी मेडोज टेलर हा साध्या तहसीलदारी वृत्तीचा माणूस नव्हता. त्याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची आहे, आणि पुढे आयर्लंडमधील विद्वत्सभेला भेट मिळालेल्या भारतीय वाद्यांची एक सविस्तर यादीही त्यानेच तयार केली. शिंग, कर्णा, सनई अशा वाद्यांची त्याने आस्थेने माहिती दिली आहे. मात्र ही वाद्ये वाजविणाऱ्याचा हात कोणत्या वयात आणि कोणाशेजारी बसून बसला, हे त्याने विचारलेले नाही. अव्वल इंग्रजीतील इतर नोंदींचीही हीच स्थिती आहे. वस्तूची नोंद होते, वाजविणाऱ्याच्या जातीची होते, क्वचित त्याच्या उत्पन्नाचीही होते. शिकण्याची होत नाही. म्हणून या इतिहासाची साधने दप्तरात कमी आणि गीतांच्या घडणीत अधिक शोधावी लागतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकण्याचे समर्थन एवढेच.

जात्यावरील ओवीची घडण पाहू. ग्रंथस्थ ओवी आणि कंठस्थ ओवी असा भेद आपल्याकडे सर्वमान्य आहे. कंठस्थ ओवीचे शब्द बहुधा दोन ओळींत मावतात. पण गाताना बाई त्या शब्दांमध्ये संबोधने घालते, पदे उलटवते, अर्धी ओळ पुन्हा घेते, आणि मूळ दोन ओळींचा विस्तार दुपटीतिपटीने होतो. या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. शब्द नवे, गळा तोच, अशी ही रीत आहे. जात्याचा फेरा हा तिचा ताल असतो. दाणे घालण्यासाठी हात थांबला की स्वर थोडा लांबतो. मांडीवरच्या मुलाला हा ताल कानाने तर कळतोच, पण आईच्या अंगाच्या डोलण्याने सर्व शरीराला कळतो.

असे मूल खरोखर काही ग्रहण करते काय, ही शंका पूर्वी रास्त होती. आता तिचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. डीकॅस्पर व स्पेन्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आईने मोठ्याने वाचलेला उतारा नवजात अर्भके अपरिचित उताऱ्यापेक्षा अधिक पसंत करतात, असे आढळले. अर्थ कळण्याचा येथे प्रश्नच नव्हता. ओळखला गेला तो उताऱ्याचा नाद. हंगेरीत विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळाचा मेंदूसुद्धा तालातील समेची मात्रा गाळली असता ती चूक टिपतो. पहाटे चार वाजता जात्याशेजारी निजलेल्या मुलाला आपण झोपलेले समजत होतो, एवढेच.

येथवरचा भाग कोणत्याही भाषेला लागू पडेल. मराठीच्या बाबतीत मात्र एक विशेष आहे, आणि प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन त्यासंबंधी आहे.

आपण लिहितो तसे बोलत नाही. ‘कमळ’ हा शब्द तीन अक्षरांनी लिहिला जातो, पण उच्चारात अंत्य अकाराचा लोप होऊन त्याचे दोनच अवयव उरतात. ‘पाळणा’ हा शब्दही लिहिताना तीन अक्षरांचा, बोलताना ‘पाळ्णा’ असा दोन अवयवांचा. मराठीतील या अकारलोपाचे नियम व्याकरणकारांनी व भाषाशास्त्रज्ञांनी नोंदविलेले आहेत. मराठी मूल बोलायला शिकते तेव्हा ते हे लोप झालेले रूपच शिकते. त्याच्या बोलीत ‘ळ’ हे पूर्ण अक्षर कोठेच नसते. मग पाटीवर ‘क म ळ’ अशी तीन सुटी चिन्हे त्याच्यापुढे येतात तेव्हा तिसरे चिन्ह कोणत्या ध्वनीचे, असा प्रश्न त्याला पडावयास हवा. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना तो फारसा पडत नाही. याचे कारण काय असावे?

आमच्या मते याचे एक कारण गाणे हे आहे. गाताना लोप पावलेला अकार परत येतो. पाळण्यात, ओवीत, आरतीत, अभंगात ‘कमळ’ हा शब्द तीन अक्षरांचाच असतो आणि प्रत्येक अक्षराला स्वराचा आधार मिळतो. बोलण्यात जे अक्षर पुसले गेले ते गाण्यात राखले गेले आहे. अभंगाच्या छंदात तर हे अनिवार्यच असते, कारण तो छंद मात्रांवर नव्हे तर अक्षरसंख्येवर उभा आहे. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. अकार गाळून म्हटला तर चरण लंगडा होतो आणि टाळ चुकतो. म्हणजे ज्या मुलाने पाच वर्षे गाणे ऐकले आणि म्हटले आहे त्याच्याजवळ शब्दाची दोन रूपे असतात, एक बोलण्याचे आणि एक गाण्याचे, आणि देवनागरी लिपी या दुसऱ्या रूपाशी जुळते. बाराखडी शिकण्याची निम्मी तयारी त्याने अक्षरओळख होण्यापूर्वीच केलेली असते.

हे अनुमान सर्वस्वी हवेतील नाही. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांसंबंधी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अक्षरलिपी शिकणाऱ्या मुलांना शब्दाचे अक्षरशः तुकडे करण्याची जाण लवकर येते आणि सुट्या ध्वनीची जाण बरीच मागाहून येते, असे दिसले. कॅनडात अन्वरी आदी संशोधकांनी २००२ साली चार-पाच वर्षांच्या १०० मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा सूर व ताल ओळखण्याची शक्ती आणि शब्दांतील ध्वनी ओळखण्याची शक्ती यांचा परस्परसंबंध आढळला, आणि सुरांच्या ओळखीचा वाचनाशीही. इंग्रजीसारख्या भाषेत, जेथे लिपी आणि उच्चार यांचे नाते अत्यंत वाकडे आहे, तेथे हे घडत असेल, तर अक्षर हेच ज्या लिपीचे माप आहे तेथे गाण्याचा हातभार अधिक सरळ असावा, असे मानण्यास हरकत नाही.

अभंगाचा उल्लेख आला म्हणजे तेरकडे वळणे क्रमप्राप्त होते. प्राचीन तगर नगर म्हणून पुरातत्त्वज्ञांना प्रिय असलेले हे गाव वारकऱ्यांच्या लेखी गोरोबाकाकांचे गाव आहे. मृदंग वाजविणाऱ्याला शिकावे लागते, पण टाळ कोणाच्याही हातात येतो, आणि भजनाच्या मागल्या ओळीत बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातातही तो येतो. त्याचा ठेका चुकला तर कोणी भजन थांबवीत नाही. मोठ्यांच्या वीस टाळांत त्याची चूक बुडून जाते आणि हळूहळू ती नाहीशी होते. चूक करण्याची अशी मुभा देणारी दुसरी शिक्षणपद्धती आमच्या पाहण्यात नाही. वारकऱ्यांच्या शिक्षणाला संस्थेचे रूप पुढे १९१७ साली आळंदीस जोगमहाराजांनी दिले. त्यापूर्वी कित्येक शतके ते मागल्या ओळीत चालू होते.

गोरोबांच्या चरित्रातील दोन प्रसंग सर्वश्रुत आहेत. नामात रंगलेल्या गोरोबांच्या पायांखाली चिखलात त्यांचे तान्हे मूल तुडविले गेले आणि पुढे कीर्तनात ते परत मिळाले, हा एक. दुसरा, संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. भक्तिमार्गाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय तो मार्गातील जाणत्यांनी सांगावा. इतिहासाच्या दृष्टीने दुसरा प्रसंग बोलका आहे. भाजलेले मडके कोणते आणि कच्चे कोणते हे कुंभार नादावरून ओळखतो. चीर गेलेल्या मडक्याचा बद्द आवाज त्याच्या मुलालाही कळतो. धंद्यातील कानाची ही तयारी समाजाला इतकी परिचित होती की तिच्यावर रूपक उभारता आले आणि श्रोत्यांना ते समजावून सांगावे लागले नाही. आवाजाची बारीक पारख हे गवयाचेच वतन नव्हते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

नळदुर्ग आणि परंडे हे दोन्ही किल्ले आदिलशाहीशी संबंधित आहेत. नळदुर्गचा प्रसिद्ध पाणीमहाल ज्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, बांधला गेला, तो ‘किताब-ए-नौरस’ या दखनी गीतसंग्रहाचा कर्ता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दरबारी गीतांपेक्षा महत्त्वाची आहेत ती दखनीतील ‘चक्कीनामा’ आणि ‘लोरीनामा’ या नावांची रचना. विजापूरच्या सूफींवर रिचर्ड ईटन यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या संशोधनातून हे दिसते की, सतराव्या-अठराव्या शतकांत सूफी परंपरेतील कवींनी जात्यावर, चरख्यावर आणि पाळण्यापाशी म्हणण्यासाठी मुद्दाम गीते रचली. त्यांत जात्याच्या दांड्याला, पाळूला आध्यात्मिक अर्थ दिलेले असत, आणि त्या मार्गाने धर्माची मूलतत्त्वे दख्खनमधील सामान्य घरांत स्त्रियांच्या व म्हणून मुलांच्या कानांवर पोहोचली.

ही गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. मराठी ओवी जात्यावर आपोआप वाढली असे आपण समजतो. तिचा कोणी योजक नव्हता. चक्कीनाम्याला मात्र योजक होता. मुलाला काही शिकवावयाचे तर ते आईच्या कामाच्या गाण्यातून शिकवावे, पाटी पुढे ठेवून नव्हे, असा शिक्षणविचार त्यामागे आहे, आणि तो येथे तीनशे वर्षांपूर्वी स्पष्टपणे अमलात आणला गेला. पाश्चात्य बालशिक्षणाच्या इतिहासात फ्रोबेलने १८४४ साली मातांसाठी गीतांचे पुस्तक काढले याचा मोठा गौरव होतो. तो योग्यच आहे. पण आपल्या शिक्षणशास्त्राच्या पाठ्यक्रमात फ्रोबेल शिकविला जातो आणि चक्कीनामा शिकविला जात नाही, याला कारण केवळ अज्ञान.

आता तुळजापूर. गोंधळी समाजात कदमराई आणि रेणुराई असे दोन प्रमुख भेद असून कदमराई हे तुळजाभवानीचे उपासक. ‘गोंधळ’ या शब्दाचा संबंध संस्कृत संगीतग्रंथांतील ‘गोंडली’ नावाच्या नृत्याशी काही विद्वान जोडतात. सांस्कृतिक दृष्टीने ते मोहक आहे, पण ‘ड’चा ‘ध’ होणे मराठीच्या नियमित ध्वनिपरिवर्तनात बसत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. असो. गोंधळाच्या मांडणीत नायक, संबळ वाजविणारा, तुणतुणेवाला आणि दिवटी धरणारा अशी कामाची विभागणी असते. मूल प्रथम येते ते दिवटीपाशी किंवा झील धरण्यासाठी. संबळ हे दोन तोंडांचे जोडवाद्य. त्यावर हात बसायला वर्षे लागतात. पण हात बसण्यापूर्वी कान बसलेला असतो. आधी ओळीची शेवटची दोन अक्षरे उचलायची, मग पूर्ण ओळ, मग एखादी लहान गण आणि बऱ्याच काळाने आख्यान, असा हा क्रम आहे. त्यात कोठेही ‘धडा पहिला’ नाही; पहिल्या दिवसापासून मूल खऱ्या कार्यक्रमातच असते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराधी मंडळींबरोबर चालणाऱ्या मुलांचेही असेच. कवड्यांची माळ आणि चाल त्यांना एकाच वेळी मिळतात.

येथे एका प्रयोगाची आठवण होते. हॅनन आणि ट्रेहब यांनी २००५ साली असे दाखविले की सहा महिन्यांची अमेरिकन बालके साध्या पाश्चात्य तालातील बिघाड जसा ओळखतात तसाच बाल्कन देशांतील विषम मात्रांच्या तालातीलही ओळखतात. पण बारा महिन्यांची झाली की परक्या तालाची ही जाण मावळते. दोन आठवडे घरी तसे संगीत ऐकविले तर बारा महिन्यांच्या मुलांत ती परत येते. प्रौढांत तेवढ्याने येत नाही. भाषेतील ध्वनींच्या बाबतीतही नेमके असेच घडते, हे भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. म्हणजे ‘गोंधळ्याच्या पोरात संबळ जन्मतःच असतो’ या समजुतीत तथ्य आहे ते एवढेच की तो जन्मापासून कानावर असतो. रक्ताचा येथे काही संबंध नाही. जे मूल त्या घरात वाढेल त्याला तो येईल.

आणि म्हणूनच या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. संबळ ज्या घरात होता त्याच घरातील मुलाला मिळाला आणि त्या मुलाला बहुधा दुसरे काही मिळाले नाही. मुलींच्या बाबतीत तर गाणे शिकणे हे कित्येकदा देवाला वाहिले जाण्याचे दुसरे नाव होते. मेडोज टेलरची तारा ही बालविधवा तुळजापूरची मुरळी होते. कादंबरी हा काही पुरावा नव्हे. पण तेथे कारभार केलेल्या लेखकाला ही कल्पना कोठून सुचली हे उघड आहे. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला, तो निजामी मुलखाला लागू नव्हता. प्रतिष्ठित घरांत मुलीने जात्यावर गावे, पण चारचौघांत गाऊ नये, असा जो दंडक दीर्घकाळ राहिला, त्याचे मूळही येथेच आहे. बालसंगीताचा लाभ हा विषय मांडताना तो लाभ कोणाला आणि कोणत्या किमतीला, हा प्रश्न टाळून चालत नाही.

शाळेचा अध्याय थोडक्यात सांगता येईल, कारण संगीताच्या दृष्टीने तो बराचसा रिकामा आहे. पंतोजींच्या गावठी शाळेत मुलांनी म्हणावयाचे पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे सर्व एका ठरावीक चालीत असे आणि संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा होई. ही चाल केवळ पाठांतराची सोय नव्हती. तीत पुन्हा तोच अक्षरशः उच्चार होता. पुढे हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, १९१८ साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि वरच्या शिक्षणाची वाट उर्दूतून जाऊ लागली. उर्दू ही संपन्न भाषा आहे, आणि दखनी बोलणारी घरे तर याच मातीतील. दोष भाषेचा नव्हे. पण मराठी मुलाच्या दृष्टीने पाहता, घरच्या गाण्याने त्याच्या कानाची जी तयारी केलेली असे तिचा शाळेतील लिपीशी सांधाच जुळत नसे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहिले जात नाहीत. म्हणजे गाण्याने जो अकार मुलाच्या कानात राखला तोच नेमका तेथे कागदावरून गळतो. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने विख्यात झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते, याचे महत्त्व राजकीय इतिहासात सांगितले जाते. मातृभाषेच्या शाळेचा आग्रह हा केवळ अस्मितेचा आग्रह नव्हता, मुलाच्या कानाला जे आधीच येत होते त्याचा उपयोग करून घेण्याचाही तो मार्ग होता, ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

याच काळात इतरत्र संगीतशिक्षणाला नवे रूप येत होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि मुलांसाठी क्रमिक पुस्तके लिहिली. शहरी मध्यमवर्गातील मुलामुलींना, विशेषतः मुलींना, प्रतिष्ठेने गाणे शिकता येऊ लागले ते या चळवळीमुळे. वर सांगितलेला दंडक मोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात तिला आहे. मात्र या पद्धतीत मूल सात-आठ वर्षांचे झाल्यावर पेटीसमोर बसते आणि सरगमेपासून आरंभ करते. त्याहून लहान मुलांचा विचार झाला तो बालशिक्षणाच्या चळवळीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. माँटेसोरीची महागडी साधने टाकून गावातील वस्तू आणि गावातील गाणी वापरावीत, ही त्यांची दृष्टी होती. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगाव पोहोचले. धाराशिव जिल्ह्यातील अंगणवाड्यांतही आज हातवारे करून बडबडगीते म्हटली जातात. त्यांची भाषा मात्र पुष्कळदा पुण्यामुंबईच्या पुस्तकातील असते. गावात म्हटला जाणारा पाळणा बारशाला ऐकू येतो आणि अंगणवाडीच्या दाराशी थांबतो.

लाभाच्या प्रश्नाकडे आता वळले पाहिजे, कारण या बाबतीत अलीकडे फार अतिशयोक्ती झाली आहे. १९९३ साली राउशर आणि सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकविली आणि अवकाशविषयक चाचणीत त्यांचे गुण थोडा वेळ वाढल्याचे नोंदविले. हे विद्यार्थी प्रौढ होते आणि परिणाम पाव तासही टिकला नाही. पण तेवढ्यावरून ‘संगीताने बाळ बुद्धिमान होते’ अशी हाकाटी झाली आणि १९९८ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला सरकारी खर्चाने ध्वनिमुद्रिका देण्याचा बेत जाहीर केला. शेलेनबर्ग यांनी २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभराचा काटेकोर प्रयोग केला, तेव्हा संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा तीन गुणांहूनही कमी फरकाने अधिक वाढला. साला आणि गोबे यांनी २०२० साली ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला; जसजसा प्रयोगाचा काटेकोरपणा वाढतो तसतसा हा लाभ शून्याकडे जातो, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा गाण्याने गणित सुधारते किंवा बुद्धी वाढते, या आशेवर गाण्याचे समर्थन करणे सोडून दिलेले बरे.

राहते ते कमी नाही. किर्शनर आणि टोमासेलो यांनी २०१० साली चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून काही जोड्यांना गात-वाजवीत खेळविले आणि काहींना तोच खेळ गाण्यावाचून दिला. गाऊन खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या मदतीला अधिक तत्परतेने धावली. बरोबर गाण्याचा परिणाम बरोबर असण्यावर होतो. या आणि वर उल्लेखिलेल्या प्रयोगांत एक समान धागा आहे : लाभ दिसतो तो मूल स्वतः सहभागी असते तेथे, परिचित माणसाच्या सहवासात, आणि भाषेच्या नादाशी व माणसांशी जुळण्याच्या बाबतीत. जाते, टाळ आणि झील या तिन्ही ठिकाणी हेच होते. मूल ऐकणारे होते, पण नुसते ऐकणारे नव्हते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव पिठाची गिरणी आली. जात्यामागे पहाटे घालवावी लागणारी श्रमाची घटका वाचली, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांनी दळले त्यांना विचारावे. पण गिरणी ओवी गात नाही. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या त्या याच संक्रमणाच्या काळात. शेजारच्या बीड जिल्ह्यात माजलगावला बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या त्यांना मिळाल्या, यावरून जुना गळा नव्या आशयाला कसा पुरला हे कळते. संग्रह झाला, म्हणजे शब्द वाचले. मांडीवरच्या मुलाला मात्र आता गाणे ऐकू येते ते भ्रमणध्वनीतून. तेथे अकार पूर्ण उच्चारलेला असतो, सूरही चोख असतो, पण अंग डोलत नाही आणि मुलाने मध्येच हुंकार दिला तर गाणे त्याच्यासाठी थांबत नाही.

वर मांडलेले अक्षरविषयक अनुमान तपासून पाहता येण्याजोगे आहे, आणि धाराशिव जिल्ह्याएवढी सोयीची जागा त्यासाठी दुसरी सापडणे कठीण. नळदुर्ग परिसरात मराठी, दखनी, बंजारा तांड्यांवरील गोरमाटी आणि सीमेलगत कन्नड अशा चार भाषांची घरे थोड्या अंतरात नांदतात. यांपैकी कन्नडमध्ये अंत्य स्वराचा लोप होत नाही. तेथे बोललेला आणि गायलेला शब्द जवळजवळ सारखाच असतो. अनुमान खरे असेल तर घरी भरपूर गाणे ऐकलेल्या आणि न ऐकलेल्या मुलांमधील अक्षरज्ञानाचा फरक मराठी घरांत मोठा दिसावा आणि कन्नड घरांत तितकासा दिसू नये. दखनी घरांतील मुले उर्दू शाळेत जातात की मराठी, यावरून त्यांचे दोन गट पडतील, आणि लोरी एकच असताना लिपीने काय फरक पडतो हे त्यांत पाहता येईल. पाहणी करणाऱ्याने पाळण्याचे शब्द उतरवून घेताना ते लिपीच्या सवयीने शुद्ध करू नयेत. कोणता अकार गायला गेला आणि कोणता गिळला गेला हे ध्वनिमुद्रणावरून अक्षरागणिक टिपावे, आणि गाणाऱ्या बाईच्या नावगावाबरोबर त्या वेळी मूल कोठे होते, तेही लिहावे.